आधी पाणी, मग तेल



आपल्या मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, ओलावा आणि ओशटपणा. ओलावा पाण्याचा, ओशटपणा तेला-तुपाचा. कणीक भिजवताना आपली कधी गल्लत होत नाही. पाणी किती आणि मोहन किती, हे हाताला ठाऊक असतं. केसांचा विषय निघाला की मात्र आपण सर्रास म्हणतो, "केस कोरडे झालेत, तेल लाव." पण तेलाने केस ओशट होतात, ओले होत नाहीत. केसाला ओलावा फक्त पाणी देतं, आणि तेल ते पाणी धरून ठेवायला मदत करतं. हा एवढासा फरक ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसून, करून पाहून पक्का केला, त्यांचा इतिहास आज तुम्हाला सांगायचा आहे. त्या आपल्या मुलखातल्या नाहीत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायका आहेत त्या.

माझी भाची तिकडे अटलांटा शहराजवळ राहते. तिची शेजारीण कृष्णवर्णीय आहे, वयाने साधारण माझ्याएवढी. भाची एकदा फोनवर म्हणाली, "मावशी, यांचा अख्खा रविवार केसांत जातो गं. आणि नुसतं तेल नाही लावत. आधी पाण्याचा फवारा, मग तेल, मग वरून लोण्यासारखं काहीतरी." त्या बोलण्यावरून मी वाचत गेले आणि वाचतच राहिले. रसायनाने सरळ न करता जन्मतः आहेत तसे ठेवलेल्या केसांना तिकडे "नॅचरल हेअर" म्हणतात. देवाघरून आलेत तसे केस ठेवायला वेगळं नाव कशाला लागावं, असं आपल्याला वाटेल. पण ते नाव का लागलं, हाच तर सगळा इतिहास आहे.

आधी केसांची घडण समजून घेऊ, म्हणजे पुढचं नीट उमगेल. टाळूच्या कातडीत केसांच्या मुळाशी बारीक ग्रंथी असतात, त्यांतून नैसर्गिक तेल पाझरतं. केस सरळ असेल तर ते तेल मुळापासून खाली सहज उतरतं. म्हणून सरळ केस दोन दिवस धुतले नाहीत की चिकट दिसतात. घट्ट कुरळा केस मात्र स्प्रिंगसारखा फिरत वाढतो. वळणावळणाने उतरताना तेल अडतं आणि टोकापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय असा केस आडवा कापून पाहिला तर गोल न दिसता चपटा, लंबगोल दिसतो. केसावर माशाच्या खवल्यांसारखं आवरण असतं, ते वळणावर उचकटतं आणि तिथून आतलं पाणी उडून जातं. कोरडा केस वळणावरच तुटतो. त्यामुळे या बायकांना कायम ऐकावं लागलं की तुमचे केस वाढतच नाहीत. खरं तर ते वाढतात, पण टोकाकडून तुटत राहतात, म्हणून लांबी दिसत नाही.

अशा केसांना चार गोष्टी लागतात: पाणी, ते अडवून धरणारा स्निग्ध थर, सावकाश चालणारे हात आणि भरपूर वेळ. यात महागडं काही नाही. पण जे काही वाचलं त्यात मला हेच दिसत गेलं की या चार साध्या गोष्टीच या बायकांकडून एकेक करून काढून घेतल्या गेल्या.

पश्चिम आफ्रिकेत या चारही गोष्टी होत्या. तिथल्या गवताळ पट्ट्यात शिया नावाचं झाड आपोआप उगवतं. त्याला फळ धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात. मंगो पार्क हा स्कॉटिश प्रवासी १७९६ साली नायजर नदीपर्यंत पोहोचला होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात या झाडाच्या लोण्याबद्दल लिहून ठेवलं आहे. मीठ न घालताही ते वर्षभर टिकतं, याचं त्याला फार अप्रूप वाटलं होतं. हे लोणी करतात कसं, ते वाचताना मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. बायका पडलेली फळं वेचतात, आतल्या बिया काढून उकळून वाळवतात, फोडून भाजतात, दळतात. मग त्या लगद्यात पाणी घालून हाताने घुसळ घुसळ घुसळायचं. घुसळता घुसळता पांढुरकं लोणी वर येतं. आपण ताकातून लोणी काढतो तसंच, फक्त इथे दूध नाही, झाडाचं बी आहे. घाना, माली, बुर्किना फासो या देशांत आजही हे काम बायकांचंच आहे. तेच लोणी त्या खातात आणि तेच अंगाला, केसांना लावतात.

वेण्या घालणं हाही तिथे एकटीचा उद्योग नव्हता. एक बसायची, दुसरी तासन्‌तास तिच्या डोक्याशी असायची आणि गप्पा चालायच्या. वेणीच्या घडणीवरून बाई कुठल्या कुळातली, लग्न झालेली की नाही, हे कित्येक जमातींत ओळखू यायचं. आपल्याकडे कुंकू-मंगळसूत्रावरून कळायचं, तसंच.

मग गुलामांचा व्यापार आला. अटलांटिक महासागरातून सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांत कोंबून नेली गेली आणि त्यांतली जवळजवळ १ कोटी ७ लाख जिवंत पलीकडे पोहोचली. जहाजावर चढवण्याआधी अनेकदा त्यांची डोकी भादरली जात. सांगायला कारण स्वच्छतेचं होतं. पण ज्या केसांवरून माणसाचं कूळ ओळखू यायचं ते केस गेले, की ती बाई कुणाची मुलगी, कुठल्या गावची, ही खूणही गेली.

हे वाचताना मला केशलोच आठवला. तुम्हालाही आठवला असेल. आपल्या दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत केशलोच आहे. दोन ते चार महिन्यांनी मुनिमहाराज आणि आर्यिका माताजी स्वतःच्या हातांनी आपले केस उपटतात. वस्तरा नको, न्हावी नको, कुणाकडे काही मागणं नको आणि केसांत जीव होऊन त्यांची हिंसा नको. लोच सुरू असताना आपण हात जोडून बसतो, कारण समोर कुणीतरी देहाचा मोह आपणहून सोडत असतं. आपणहून सोडलं, म्हणूनच त्याला त्याग म्हणायचं. जहाजावर ज्यांची डोकी भादरली त्यांनी काही सोडलं नव्हतं, त्यांच्याकडून हिसकावलं होतं. डोकी दोन्हीकडे सारखीच दिसतील, पण त्यांतलं अंतर आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

अमेरिकेच्या कापसाच्या आणि उसाच्या मळ्यांवर पोहोचल्यावर शिया नव्हतं, लाकडी रुंद दातांचे कंगवे नव्हते आणि वेळ तर नव्हताच. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम. बहुतेक ठिकाणी हाताशी मोकळा वेळ असायचा तो रविवारी. म्हणून केसांचा वार रविवार झाला. मेंढीची लोकर पिंजायला धातूच्या दातांच्या फण्या असत, त्यांनीच केस विंचरले जात. आठवडाभर केसांच्या बटांना सूत किंवा चिंध्या गुंडाळून वर डोक्याला फडकं बांधायचं आणि रविवारी ते सोडायचं. गुंडाळल्यामुळे केस गुंतत नसत, तुटत नसत. शिया मिळत नाही, मग हाताला लागेल ते स्निग्ध लावायचं: लोणी, बदकाची नाहीतर डुकराची चरबी. आपल्याला हे वाचवत नाही. पण निवडायला दुसरं काही होतं कुठे? या आठवणी आज आपल्याला ठाऊक आहेत, कारण १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकेच्या सरकारी लेखन प्रकल्पाने गुलामीत जन्मलेल्या दोन हजारांहून अधिक म्हाताऱ्या माणसांच्या हकिकती लिहून घेतल्या. त्यांत सूत गुंडाळलेले केसही आले आणि पिंजायच्या फण्याही आल्या.

सगळ्याच काही गुलाम नव्हत्या. न्यू ऑर्लीन्स शहरात स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय बायका होत्या. त्या केस नटवायच्या, त्यांत पिसं आणि खडे माळायच्या. ते तिथल्या गोऱ्या समाजाच्या डोळ्यांवर यायला लागलं. तेव्हा तो मुलूख स्पेनच्या ताब्यात होता. १७८६ साली गव्हर्नर मिरो याने हुकूम काढला की या बायकांनी केसांत पिसं-दागिने घालायचे नाहीत, केस फडक्याने झाकायचे. त्या फडक्याला "टिन्यॉन" म्हणत. बायकांनी हुकूम पाळला, पण फडकी घेतली ती भडक रंगांची, उंची कापडाची, आणि बांधली अशी सुंदर की त्याचीच फॅशन झाली. हा प्रसंग मी दोन-तीनदा वाचला. कुठे भांडण नाही, आरडाओरडा नाही. नुसत्या गाठी मारायच्या पद्धतीने त्यांनी उत्तर दिलं.

१८६५ साली गुलामी कायद्याने संपली, तरी पाणी आलं नाही. हे मी अगदी शब्दशः म्हणते आहे. गरीब वस्त्यांत घरात नळ नव्हता. थंडीत पाणी भरा, तापवा, एवढे दाट केस धुवा आणि वाळवा, हे मोलमजुरी करणाऱ्या बाईला आठवड्याला जमणारं नव्हतं. त्यामुळे न्हाणं लांबायचं. साबण मिळायचा तो घरगुती, क्षाराचा, अतिशय जहाल. टाळूला खवडे पडायचे, खाज सुटायची, केसांचे पुंजके गळायचे. आहारही बेताचाच.

सारा ब्रीडलव्ह अशाच बायकांपैकी एक. तिचा जन्म लुइझियाना राज्यातल्या डेल्टा गावी २३ डिसेंबर १८६७ रोजी झाला. आईवडील मळ्यावरचे गुलाम होते. सारा सातव्या वर्षी पोरकी झाली, चौदाव्या वर्षी तिचं लग्न झालं, विसाव्या वर्षी ती विधवा झाली. पदरात एक मुलगी. सेंट लुइस शहरात तिचे भाऊ न्हाव्याचं काम करत होते, त्यांच्या आधाराने ती तिथे गेली आणि लोकांचे कपडे धुऊ लागली. दिवसभर वाफेत आणि सोड्याच्या पाण्यात हात घालून मिळायचे दीड डॉलरच्या आसपास. तिचे केस गळून टाळू दिसायला लागली.

त्याच शहरात ॲनी टर्नबो, पुढे ॲनी मलोन, ही बाई केसांची औषधं करून दारोदार विकत होती. सारा आधी तिच्यासाठी विक्री करत होती. १९०५ साली ती डेन्व्हरला गेली, पुढच्या वर्षी चार्ल्स जोसेफ वॉकरशी तिचं लग्न झालं आणि "मॅडम सी. जे. वॉकर" या नावाने तिने स्वतःचं मलम बाजारात आणलं. त्याचा पाया पेट्रोलियम जेली आणि मुख्य औषध गंधक. गंधक आपल्यालाही परका नाही, खरूज-नायट्याला गंधकाचं मलम आपल्या आज्याही लावत. त्यात मधमाश्यांचं मेणही होतं, म्हणजे आपल्या घरात ते चाललं नसतं, पण ते असो. मला मलमापेक्षा तिची पद्धत मोलाची वाटते. तिच्या एजंट बायका घरी जाऊन आधी डोकं धुवायला लावायच्या. न्हाणं वारंवार हवं, टाळू स्वच्छ हवी, मग मलम. पाण्याची जी सवय परिस्थितीने मोडली होती, ती तिने पुन्हा लावली.

केस सरळ करायची तापलेली फणी हिनेच शोधून काढली, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते खरं नाही. ती फणी आधीपासून होती. वॉकरबाईंच्या पद्धतीत ती वापरली जायची हे खरं, पण "केस सरळ करणारी बाई" ही ओळख तिला आवडत नसे. आपण केस निरोगी करतो आणि वाढवतो, असं तिचं म्हणणं असे. १९१० साली तिने इंडियानापोलिस शहरात कारखाना उभा केला. हजारो बायका शिकून एजंट झाल्या. धुणी-भांडी किंवा शेतमजुरी याखेरीज ज्यांना काम मिळत नव्हतं, त्या स्वतःच्या पैशाने घरभाडं भरू लागल्या. १९१७ साली फिलाडेल्फियात तिने आपल्या एजंटांचं अधिवेशन भरवलं, त्याला दोनशेहून अधिक बायका आल्या. जमावाने कृष्णवर्णीयांना ठार मारण्याचे प्रकार तेव्हा सर्रास चालत, त्याविरुद्धच्या लढ्यासाठी तिने शेवटच्या दिवसांत ५,००० डॉलर देऊ केले. २५ मे १९१९ रोजी ती वारली. वय अवघं ५१.

यापुढचा भाग तुम्ही नीट वाचावा, कारण तो आपल्या घरांपर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

वॉकरबाईंच्या नंतरच्या काळात केस सरळ करायची रसायनं पसरली. त्यांतलं मुख्य रसायन म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, आपल्या भाषेत कॉस्टिक सोडा. तुंबलेली मोरी साफ करायला वापरतात तोच, अर्थात प्रमाण वेगळं. केसातल्या प्रथिनाचे जे बंध त्याला कुरळेपणा देतात, ते हा सोडा तोडतो. थोडा वेळ जास्त राहिला तर टाळू भाजते. नव्याने उगवणारा केस पुन्हा कुरळाच येतो, म्हणून दर दीड-दोन महिन्यांनी परत लावायचा. लहान लहान मुलींनाही लावला जायचा.

हे सगळं हौसेपायी चाललं होतं असं कुणी समजू नये. कुरळ्या केसांच्या बाईला नोकरी मिळत नव्हती. १९६० च्या दशकात नागरी हक्कांच्या लढ्याबरोबर केस मोकळे, गोल फुललेले ठेवायची लाट आली, "आफ्रो" म्हणतात ती. पण कचेऱ्यांची दारं त्याने उघडली नाहीत. रेनी रॉजर्स ही अमेरिकन एअरलाइन्स कंपनीत विमानतळावर काम करायची. केसांच्या बारीक वेण्या घालायला कंपनीची मनाई होती, म्हणून ती कोर्टात गेली. १९८१ साली कोर्टाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. कोर्टाच्या मते वेणी ही जन्माने मिळणारी गोष्ट नव्हती, मनात आलं तर सोडता येणारी होती. २०१० साली अलाबामा राज्यात चॅस्टिटी जोन्स या बाईला मिळालेली नोकरी तिने जटांसारखे वळलेले केस कापायला नकार दिला म्हणून काढून घेतली गेली. २०१६ मध्ये अपील कोर्टानेही कंपनीचंच बरोबर ठरवलं.

म्हणजे पोटासाठी केस बदला, आणि बदलायला सोडा लावा. आता त्या सोड्याची आणि त्याच्या भावंडांची किंमत काय, तेही पाहा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ३३,४९७ बायकांची वर्षानुवर्षं माहिती ठेवून केलेला एक अभ्यास ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. केस सरळ करायची रसायनं ज्यांनी कधीच वापरली नाहीत, त्यांच्यात वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के असेल, असा अंदाज निघाला. वर्षाला चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ते ४.०५ टक्के. प्रमाण शंभरात चारच आहे, हे खरं; घाबरून जायचं कारण नाही. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, नेमकं कारण सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवायचं. पण जवळजवळ अडीच पट वाढ ही डोळेझाक करायची गोष्टही नाही. ज्यांना नोकरीसाठी ही रसायनं लावावी लागली, त्यांनी तर ती लहानपणापासून लावली होती.

कायद्याचं पाऊल पडलं ते अगदी अलीकडे. ३ जुलै २०१९ रोजी कॅलिफोर्निया राज्याने "क्राउन" कायदा केला. जन्मजात केसांच्या पोतावरून किंवा वेण्या, जटा अशा केशरचनांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करता येणार नाही, असं तो सांगतो. नंतर वीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. सगळ्या देशासाठीचं विधेयक २०२२ साली प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, पण सिनेटमध्ये अडलं.

कायद्याची वाट न पाहता बायकांनी मात्र घरात सुरुवात केली होती. २००० नंतरच्या दशकात पुष्कळ जणींनी सोडा लावलेले केस कापून टाकले आणि मुळापासून नवे वाढवायला घेतले. पण आईने सोडा लावलेला, आजीने तापलेली फणी फिरवलेली. मग आपल्याच केसांची निगा राखायची कशी, हे शिकवणार कोण? त्यांनी एकमेकींना शिकवलं. पाणी, तेल, क्रीम, हा क्रम ठरला. आधी ओले केस. त्यावर तेल. वरून शियाच्या लोण्यासारखा दाट थर, म्हणजे पाणी उडत नाही. अटलांटाची शेजारीण रविवारी जे करते ते हेच. शिया पुन्हा हातात आलं, या वेळी डबीतून. रविवार मात्र तोच राहिला.

इथे आपल्या मुंबईचा एक धागा जोडलेला आहे. २००३ साली मॅरिको कंपनीच्या मुंबईतल्या संशोधन विभागातले आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल अशी तीन तेलं घेऊन केसांतलं प्रथिन किती झिजतं ते त्यांनी मोजलं. न्हाण्याआधी किंवा नंतर लावल्यावर झीज कमी केली ती फक्त खोबरेलाने. कारण त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असतो, तो केसाच्या आत शिरू शकतो. बाकीची दोन तेलं वरच राहिली. ही कंपनी स्वतःच खोबरेल विकते हे ध्यानात ठेवूनच निबंध वाचायचा. पण नॅचरल हेअरबद्दल लिहिणाऱ्या अमेरिकी बायका त्याचा दाखला पुन्हा पुन्हा देतात. आपल्या आज्या न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल चोपडायच्या, त्याचं कारण असं मुंबईहून अटलांटाला पोहोचलं.

आता घरचं. आपल्या मुलींतही कुरळ्या केसांच्या पुष्कळ आहेत. माझ्या नणंदेच्या मुलीचे केस असेच दाट कुरळे. लग्न ठरलं तसं घरात सुरू झालं, "पार्लरमध्ये जाऊन सरळ करून घे, फोटो चांगले येतील." पार्लरमध्ये स्मूदनिंग नाहीतर केराटिन म्हणून जे करतात, त्यांतल्या काही रसायनांतून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू निघतो, आणि तो कर्करोगाला कारण ठरतो हे सिद्ध झालेलं आहे. आपण बटाटा-कांदा खाताना विचार करतो, पाणी गाळून पितो. मग मुलीच्या डोक्यावर दोन तास काय थापलं जातंय, हेही विचारायला हवं. मी नणंदेला एवढंच म्हटलं की तिला हवं असेल तर करू दे, पण आपल्याला हवं म्हणून नको. मुलीने नको म्हणून सांगितलं. लग्नात तिच्या कुरळ्या केसांचा मोठा अंबाडा घातला आणि त्यावर मोगऱ्याचा गजरा घट्ट बसला. सरळ केसांवरून तो सारखा घसरतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

अशा केसांसाठी मी त्या बायकांकडून जे उचललं, ते थोडक्यात सांगते. केस कोरडे असताना विंचरू नका. थोडे ओले करून, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवत जा. न्हाण्याआधी तास-दोन तास खोबरेल लावा. न्हाऊन झाल्यावर टॉवेलने खसखसा पुसू नका. ओलसर असतानाच दोन-चार थेंब तेल हातावर चोळून केसांच्या लांबीला लावा. आठवड्यात केस परत कोरडे वाटले तर आधी गाळलेल्या पाण्याचा फवारा, मग थेंबभर तेल. अष्टमी-चतुर्दशीला न्हायचं नाही असं पाळत असाल, तर फवारा आदल्या दिवशी मारून वेणी घालून ठेवा. कोंडा असेल तर मात्र टाळूला तेल थापू नका, कोंड्याची बुरशी तेलावर पोसते. वेणी घट्ट ओढून घालू नका, कपाळावरचे केस त्यानेच मागे सरतात.

रात्री त्या बायका केसांवर रेशमी टोपी घालतात किंवा उशीला रेशमी अभ्रा घालतात. सुती कापड केसांतला ओलावा आणि तेल शोषून घेतं, शिवाय केस घासले जातात. पण रेशीम म्हणजे उकळत्या पाण्यात गेलेले किडे, ते आपल्याला चालणार नाही. साटीनचा अभ्रा घ्या. तोही तितकाच गुळगुळीत असतो आणि जुन्या साटीनच्या परकराचे दोन अभ्रे घरी सहज शिवून होतात. बाजारातली क्रीम घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. मधमाश्यांचं मेण आणि लोकरीतून काढलेलं लॅनोलिन त्यांत पुष्कळदा असतं. शियाचं लोणी झाडाचं आहे, ते निर्धास्त वापरा. हातावर चिमूटभर घेऊन चोळलं की लगेच वितळतं. एका डोक्याला तेवढं पुष्कळ होतं.

जय जिनेंद्र.